हेलिकॉप्टरच्या सक्तीच्या तपासण्या आणि पार्ट बदलणं: कुठे सूट आहे, कुठे अजिबात नाही?

लॉगबुकवाला

नमस्कार मंडळी. एका रॉबिन्सन आर४४ रेव्हन २ हेलिकॉप्टरच्या नोंदी सांभाळायच्या आहेत आणि लवकरच सोबत एक हलकं टर्बाइन हेलिकॉप्टर येऊ घातलंय. त्याआधी काही गोष्टी पक्क्या समजून घ्यायच्या आहेत.

आर४४ चे एकूण तास १६४०, वय १० वर्षं ९ महिने. सध्या महिन्याला सरासरी १५ तास उड्डाण होतं. ५० तासांनी तेल, १०० तासांची तपासणी, वार्षिक तपासणी, सगळं वेळच्या वेळी होतं. घोळ पुढे आहे. एडी (नियामकाचे आदेश), कंपनीचं सर्व्हिस बुलेटिन, सर्व्हिस लेटर, मेंटेनन्स मॅन्युअल, शिवाय इंजिन कंपनीची वेगळी बुलेटिनं असा ढीग आहे आणि निम्म्या कागदांवर 'मँडेटरी' छापलेलं आहे. कायद्याने बंधनकारक काय आणि सल्ला काय, हे कशावरून ठरवायचं?

दुसरं. ओव्हरहॉलला, म्हणजे सगळं उघडून पार्ट बदलण्याला, २२०० तास किंवा १२ वर्षं, जे आधी होईल ते, ही मर्यादा आहे आणि तास तर बरेच शिल्लक आहेत. ब्लेड स्वच्छ आहेत, कुठे खरचटलेलंसुद्धा नाही. तपासणी करून कॅलेंडरची मर्यादा पुढे ढकलता येते का?

तिसरं. टर्बाइनसाठी वापरलेला टेल रोटर गिअरबॉक्स स्पेअर म्हणून मिळतोय. विक्रेता एवढंच सांगतो की तास कमी झालेत. घेण्याआधी काय काय मागायचं?

आणि शेवटचं. चिप लाइट (तेलात धातूचे कण सापडल्याचा इशारा देणारा दिवा) लागला की कण पकडणारा चुंबकी प्लग काढायचा, पुसायचा, परत लावायचा आणि पुन्हा लागतो का बघायचं, ही पद्धत सर्रास दिसते. ती बरोबर आहे का?

हँगरकर

'मँडेटरी' हा शब्द कोणी छापलाय ते आधी बघा. कंपनीने छापला असेल तर ते कंपनीचं म्हणणं आहे. त्यामागे अनुभव असतो, पण कायद्याचा जोर त्याला आपोआप मिळत नाही. तो जोर मुख्यतः दोन ठिकाणी असतो.

पहिलं ठिकाण म्हणजे मॅन्युअलमधलं उड्डाणयोग्यता मर्यादांचं प्रकरण. हे प्रकरण नियामकाने मंजूर केलेलं असतं, कंपनी त्यात परस्पर बदल करू शकत नाही. बहुतेक मॅन्युअलमध्ये ते प्रकरण ४ असतं आणि नेहमीच्या तपासण्या प्रकरण ५ मध्ये. रॉबिन्सनच्या मॅन्युअलमध्ये आयुष्यमर्यादा असलेल्या पार्टची यादी प्रकरण ३ मध्ये बघा. दुसरं ठिकाण म्हणजे एडी, एअरवर्दिनेस डायरेक्टिव्ह. ती नियामक काढतो. शिकागो कराराच्या परिशिष्ट ८ नुसार ज्या देशात हेलिकॉप्टरचं डिझाइन मंजूर झालं त्या देशाने अशी सक्तीची माहिती नोंदणी करणाऱ्या देशांना कळवायची असते, आणि आपल्याकडे नोंदलेल्या विमानांना ती लागू करण्याची जबाबदारी नोंदणीच्या देशाची. म्हणून एडी शोधताना दोन्ही नियामकांची यादी बघायची. आणि हो, फक्त हेलिकॉप्टरच्या नावाने शोधून थांबू नका. इंजिन, मॅग्नेटो, गव्हर्नर, सीटबेल्ट, फ्लोट यांच्या एडी वेगळ्या निघतात आणि नेमक्या त्याच राहून जातात.

आता सर्व्हिस बुलेटिन. ते तीन वाटांनी बंधनकारक होतं. एडीमध्ये 'अमुक बुलेटिनच्या अमुक आवृत्तीप्रमाणे करा' असं लिहिलं तर ती आवृत्ती एडीचाच भाग होते. तुमच्या मंजूर मेंटेनन्स प्रोग्रॅममध्ये बुलेटिन घेतलेलं असेल तर तुम्ही स्वतःच ते स्वतःला लागू केलंय. आणि काही देशांत व्यावसायिक वाहतुकीसाठी नियामक थेट सांगतो की कंपनीची सक्तीची बुलेटिनं पाळा. यातलं काहीच नसेल तर निर्णय तुमचा. पण तो निर्णय घेतल्याची आणि का घेतला त्याची नोंद हवी. बुलेटिन फाइलला लावून विसरून जाणं म्हणजे निर्णय नव्हे.

तुमच्याच मॉडेलचं उदाहरण देतो. आर४४ च्या जुन्या ॲल्युमिनियम इंधन टाक्या धडकेत फुटून आग लागायची. डिसेंबर २०१० मध्ये रॉबिन्सनने बुलेटिन क्रमांक ७८ काढून टाकीच्या आत लवचिक पिशवी बसवायला सांगितलं. शेवटची मुदत ३० एप्रिल २०१३ होती. ऑस्ट्रेलियाच्या नियामकाने ती मुदत एडी काढून सक्तीची केली, बाकी अनेक ठिकाणी ते नुसतं बुलेटिनच राहिलं. टाकी तीच, धोका तोच, कागदाची किंमत मात्र देशागणिक वेगळी. अशा बुलेटिनसाठी एडीची वाट बघत बसणं मला तरी पटत नाही. धडक सौम्य असूनही आगीने माणसं दगावतात, तेव्हा एडी नव्हती हे कारण कोणाच्याच कामाचं नसतं.

१२ वर्षांचं उत्तर: नाही, ढकलता येत नाही. 'जे आधी होईल ते' याचा अर्थ दोन स्वतंत्र घड्याळं आहेत. तासांचं घड्याळ थकव्यासाठी, म्हणजे फटीगसाठी आहे. कॅलेंडरचं घड्याळ गंज, चिकटवलेल्या जोडांचं म्हातारपण, रबर, ग्रीस आणि सील यांच्यासाठी आहे. हेलिकॉप्टर उभं असताना दुसरं घड्याळ थांबत नाही, उलट दमट जागी उभं राहिलेलं यंत्र रोज उडणाऱ्यापेक्षा जास्त गंजतं. ब्लेड बाहेरून स्वच्छ दिसतं हे खरं असेल, पण स्कीन (बाहेरचा पत्रा) आणि स्पार (ब्लेडचा मुख्य दांडा) यांच्यामधला गोंद किंवा आतला हनीकोंब (पोळ्यासारखा जाळीदार भराव) बाहेरून दिसतच नाही. मर्यादा ठेवली आहे ती त्यासाठीच.

हिशेब करून बघा. २२०० मधून १६४० गेले, ५६० तास उरले. कॅलेंडरचे १५ महिने उरले. महिन्याला १५ तासांनी २२५ तास होतील. म्हणजे ३३५ तास न वापरता ओव्हरहॉल येणार. हा तोटा टाळायचा असेल तर एकच मार्ग, तो म्हणजे १५ महिन्यांत जास्त उडणं. महिन्याला ३७ तासांच्या पुढे गेलात तरच दोन्ही घड्याळं एकत्र संपतील.

एक बारकावा राहिला. कॅलेंडर कधीपासून मोजायचं हे प्रत्येक पार्टच्या तक्त्यात बघा. कुठे उत्पादनाची तारीख धरतात, कुठे बसवल्याची, कुठे हेलिकॉप्टरच्या पहिल्या उड्डाणयोग्यता प्रमाणपत्राची. स्पेअर म्हणून दोन वर्षं कपाटात राहिलेल्या पार्टला याने मोठा फरक पडतो.

तासमोजणी

वरच्या प्रतिसादात भर. 'तास' म्हणजे कोणते तास, हेही ठरवून घ्या. काही अवरमीटर इंजिनाच्या तेलदाबावर चालतात, म्हणजे जमिनीवरचं रनिंगही मोजलं जातं. काही कलेक्टिव्ह, म्हणजे हेलिकॉप्टर वर चढवणारा दांडा, वर उचलल्यावरच चालतात. पार्टची मर्यादा उड्डाणातल्या तासांची आणि नोंद तेलदाबाच्या मीटरची असेल तर तुम्ही फक्त पैसे घालवता. उलटं असेल तर मर्यादा नकळत ओलांडली जाते. मॅन्युअलमध्ये टाइम इन सर्व्हिसची व्याख्या दिलेली असते, ती आणि मीटरची वायरिंग जुळते का ते एकदा बघून ठेवा.

टर्बाइन आल्यावर तासांच्या जोडीला सायकल येतात. गॅस जनरेटर आणि पॉवर टर्बाइन यांच्या डिस्कचं आयुष्य सायकलवर असतं, कारण तापणं, निवणं आणि वेग वरखाली होणं यानेच डिस्क थकते. काही इंजिनांवर प्रत्येक स्टार्ट म्हणजे एक सायकल. काहींवर एकाच उड्डाणात वेग किती खाली येऊन परत किती वर गेला यावरून अर्धवट सायकल सूत्राने काढतात. सहा-सहा मिनिटांच्या फेऱ्या मारणाऱ्या हेलिकॉप्टरमध्ये तास कमी दिसतात आणि सायकल भराभर संपतात. उड्डाण झाल्या झाल्या लिहिलं नाही तर महिनाअखेरीस तो आकडा अंदाजपंचे भरला जातो.

बेल कंपनीच्या काही मॉडेलवर मास्ट (रोटर फिरवणारा उभा शाफ्ट) आणि ट्रान्समिशनच्या पार्टसाठी आरआयएन नावाचा आकडा मोजतात. प्रत्येक टेकऑफ आणि हुकला लावून उचललेलं प्रत्येक ओझं यात धरतात, कारण प्रत्येक वेळी मास्टवर टॉर्कचा पूर्ण फटका बसतो. ओझं वाहणारं हेलिकॉप्टर तासाभरात कितीतरी वेळा उचलतं. हेलिकॉप्टर घेताना आधीच्या मालकाने हे मोजलंय का ते विचारा. मोजलं नसेल तर कंपनीने सांगितलेला दंडक लावून मागचा आकडा काढावा लागतो आणि तो नेहमी कडक बाजूने निघतो.

टू-ब्लेड बेलचं हेलिकॉप्टर येणार असेल तर टेन्शन-टॉर्शन स्ट्रॅपकडे खास लक्ष द्या. ब्लेडचा सगळा केंद्रोत्सारी ओढा तेच धरून ठेवतात. बारीक तारांची गुंडाळी आणि वर युरेथेनचं आवरण अशी रचना असते. आवरणाला बारीक चीर पडली की पाणी आत जातं आणि तारा आतून गंजतात. म्हणून त्यांना तासांच्या जोडीला महिन्यांची मर्यादा असते. यात 'दिसतं ठीक आहे' याला काडीची किंमत नाही.

तेलकट हात

चिप लाइटवर सविस्तर लिहितो, कारण 'पुसा आणि लावा' ही पद्धत धोक्याची आहे. प्लग पुसला की पुरावा गेला.

प्लग काढायच्या आधी स्वच्छ पांढरा फिल्टर पेपर आणि झाकणाची डबी हाताशी ठेवा. प्लग काढल्यावर चुंबकाच्या टोकाचा फोटो घ्या, मग त्यावरचं सगळं पेपरवर उतरवा. सॉल्व्हंटने तेल धुवा आणि निदान दहापट भिंगाखाली बघा. राखाडी लगद्यासारखं, बोटांत चोळलं तर कण जाणवत नाही असं असेल तर ते फझ. नवीन किंवा नुकताच ओव्हरहॉल झालेला गिअरबॉक्स सुरुवातीला ते देतोच. पातळ, चपटा, एका बाजूने आरशासारखा चकाकणारा तुकडा म्हणजे फ्लेक. तो बेअरिंगच्या रेसचा किंवा गिअरच्या दाताचा पृष्ठभाग सुटू लागल्याची खूण असू शकतो. सुईसारखी लांब काडी असेल तर काहीतरी कापलं किंवा खरवडलं जातंय.

मग मोजमाप. मॅन्युअलमध्ये तुकड्यांची संख्या, लांबी किंवा एकूण क्षेत्रफळ यांची मर्यादा दिलेली असते. काही कंपन्या आधीच्या वेळी सापडलेलं क्षेत्रफळ आताच्या आकड्यात मिळवायला सांगतात. मागचे कण डबीत जपून, तारीख आणि तास लिहून ठेवलेले नसतील तर ही बेरीज कशी करणार? त्यानंतर तेल पूर्ण काढून बारीक कापडातून गाळायचं आणि फिल्टर उघडायचा. चुंबकाला पितळ, ॲल्युमिनियम, चांदीचा मुलामा यातलं काही चिकटत नाही, ते सगळं फिल्टरमध्येच सापडतं. ॲल्युमिनियमची शंका असेल तर कण कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात टाकला की बुडबुडे येतात. पोलादाचा प्रकार मात्र प्रयोगशाळेतच ठरवायचा, नजरेने नाही.

परत लावताना दोन चुका ठरलेल्या. ओ-रिंग जुनीच राहते किंवा बेयोनेट पूर्ण फिरून लॉक होत नाही, आणि मग चिपच्या तपासणीनेच तेलगळती सुरू होते. लॉक झालं का हे ओढून बघा. लावण्याआधी मास्टर स्विच ऑन करून प्लगच्या टोकाला स्क्रूड्रायव्हर टेकवा, कॉकपिटमध्ये दिवा लागलाच पाहिजे. वायर तुटलेली असेल तर दिवा कधीच लागणार नाही आणि सगळे निर्धास्त राहतील.

हे एवढं का, ते १ एप्रिल २००९ च्या अपघातात दिसतं. स्कॉटलंडच्या पीटरहेडजवळ समुद्रावर सुपर प्यूमा एएस३३२ एल२ चा मुख्य रोटर गिअरबॉक्समधून निखळला आणि १६ जण गेले. गिअरबॉक्सच्या एपिसायक्लिक भागातला, म्हणजे जिथे छोटे प्लॅनेट गिअर मधल्या गिअरभोवती फिरतात तिथला, दुसऱ्या टप्प्यातला एक प्लॅनेट गिअर फटीगने फुटला होता. त्याआधी २५ मार्चला, अपघातापूर्वी सुमारे ३६ उड्डाण-तास आधी, एपिसायक्लिक भागाच्या चिप डिटेक्टरवर एक कण सापडला होता. त्या कणाचं गांभीर्य ओळखलं गेलं नाही आणि पुढची पायरी, म्हणजे एपिसायक्लिक मोड्यूल उघडून तिथल्या चुंबकांवर काय अडकलंय ते बघणं, झालीच नाही. ती चुंबकं कण खाली जाऊ नयेत म्हणूनच बसवलेली होती. त्यामुळे खालच्या डिटेक्टरपर्यंत फारसं काही पोहोचतच नव्हतं. अपघातानंतर ती चुंबकं काढायची सक्ती झाली.

आणि चिप डिटेक्टर शांत म्हणजे गिअरबॉक्स निरोगी, असंही धरू नका. २९ एप्रिल २०१६ ला नॉर्वेत तुरोयजवळ ईसी२२५ चा रोटर निखळून १३ जण गेले. तिथेही दुसऱ्या टप्प्याचा प्लॅनेट गिअरच फुटला होता, पण चीर पृष्ठभागाखालून वाढत गेली आणि दिव्याने काहीच इशारा दिला नाही. म्हणून आयुष्यमर्यादा, चिप, कंपनांची नोंद आणि तेलाचं विश्लेषण हे एकमेकांना पर्याय नाहीत. चारही लागतात.

मास्टनट

वापरलेल्या गिअरबॉक्सबद्दल. 'तास कमी' यावर काहीही ठरत नाही. रिलीज सर्टिफिकेट मागा, म्हणजे एफएए ८१३०-३ किंवा ईएएसए फॉर्म १ किंवा तुमच्या नियामकाचा समकक्ष फॉर्म. त्यावरचा सीरियल नंबर गिअरबॉक्सच्या डेटा प्लेटशी स्वतःच्या डोळ्यांनी जुळवा. पण सर्टिफिकेट एवढंच सांगतं की त्या कारखान्याने ते काम केलं. आयुष्यमर्यादा असलेल्या आतल्या पार्टसाठी जन्मापासूनचा इतिहास लागतो. लॉग कार्डवर प्रत्येक वेळी कोणत्या हेलिकॉप्टरवर बसला, किती तासांना बसला, किती तासांना उतरला हे सलग दिसलं पाहिजे. मधली एक ओळ गहाळ असेल तर त्या काळात किती तास झाले ते कोणालाच सांगता येत नाही, आणि असा पार्ट मर्यादा संपलेला धरायचा.

उतरवण्याचं कारण जरूर विचारा. टेल रोटर कुठे आपटला होता का, सडन स्टॉपेज (फिरता रोटर अचानक थांबणं) झालं होतं का, हार्ड लँडिंग होतं का? या प्रत्येकासाठी मॅन्युअलमध्ये वेगळी तपासणी असते आणि बऱ्याचदा ती गिअरबॉक्स पूर्ण उघडल्याशिवाय होत नाही. साठवणुकीचा कागदही बघा. प्रिझर्व्हेटिव्ह तेल कधी भरलं आणि त्याची मुदत कधी संपली? कोरडा पडून राहिलेला गिअरबॉक्स शून्य तासांचा असला तरी त्याच्या बेअरिंगवर रोलरच्या जागी गंजाचे ठिपके असू शकतात, आणि त्याच ठिपक्यांवरून पुढे पृष्ठभाग सुटतो.

पार्ट आधी दुसऱ्या मॉडेलवर वापरला असेल तर जास्त जपा. समजा एका मॉडेलवर मर्यादा ५००० तास आणि तुमच्यावर २५००, आणि तिकडे २००० तास झालेत. प्रमाणात मोजलं तर ४० टक्के आयुष्य गेलं, म्हणजे तुमच्यावर १५०० तास उरले. कडक नियम लावला तर २५०० वजा २०००, फक्त ५०० उरले. यातलं कोणतं गणित चालेल हे कंपनीचं मॅन्युअल सांगतं. प्रमाणाचं गणित स्पष्ट लिहिलेलं नसेल तर ते वापरायचं नाही.

अजून एक गोष्ट सहज निसटते. एडी बऱ्याचदा पार्ट नंबर किंवा सीरियल नंबरवर लागते. तुमच्या नोंदीत आज 'लागू नाही, सीरियल नंबर यादीत नाही' असं लिहिलं असेल आणि उद्या हा गिअरबॉक्स बसला, तर ती एडी लागू होऊ शकते. म्हणून कोणताही मोठा पार्ट बदलला की 'लागू नाही' लिहिलेल्या ओळी पुन्हा तपासायच्या. आणि त्या ओळीत कारण लिहिलेलं नसेल तर तपासणार तरी कशावरून?

मर्यादा संपलेला पार्ट काढल्यावर तो स्टोअरमध्ये चांगल्या पार्टशेजारी ठेवू नका. लाल टॅग लावून वेगळा ठेवा आणि शेवटी करवतीने कापून निकामी करा. सीरियल नंबर खोडून असे पार्ट बाजारात परत येतात, हा धोका खरा आहे.

लॉगबुकवाला

खूप मोलाची माहिती, सगळ्यांचे आभार. अजून दोन शंका. १०० तासांच्या तपासणीला १० तासांची सूट असते असं ऐकलंय, ती एडीला लागू पडते का? आणि एडी किंवा बुलेटिनने 'पुढच्या १०० तासांच्या आत' अशी मुदत दिली तर ९९ व्या तासाला करणं योग्य का?

हँगरकर

अमेरिकेच्या नियमांत १०० तासांची तपासणी कमाल १० तास ओलांडता येते, आणि तेही तपासणीच्या जागेपर्यंत उडत जाण्यासाठीच. जादा तास पुढच्या १०० मधून वजा होतात. म्हणजे १७०० ला देय असलेली १७०६ ला केली तर पुढची १८०० लाच, १८०६ ला नाही. लवकर केली, समजा १६९२ ला, तर पुढची १७९२ ला. दुसऱ्या देशांत सूट मंजूर मेंटेनन्स प्रोग्रॅममध्ये लिहिलेली असते, त्यातला आकडा बघायचा. आयुष्यमर्यादेला आणि एडीला ही सूट लागत नाही. एडीच्या मजकुरातच सवलत लिहिली असेल तेवढीच. वेगळ्या पद्धतीने पूर्तता करायची असेल तर नियामकाची लेखी परवानगी घ्यावी लागते, तिला एएमओसी म्हणतात.

आता ९९ वा तास. कायद्याने चालतं. पण मुदत कशी ठरते ते लक्षात घ्या. तिच्यात धोक्याच्या जोडीला स्पेअर किती दिवसांत मिळतील, किती हेलिकॉप्टर उभी राहतील, हेही धरलेलं असतं. सिकोर्स्कीच्या एस-९२ हेलिकॉप्टरचं उदाहरण बघा. मुख्य गिअरबॉक्सच्या तेल फिल्टरचं भांडं तीन टायटॅनियम स्टडवर बसायचं. फिल्टर बदलताना नट वारंवार काढून-लावून स्टडचे आटे खरवडले जायचे. जुलै २००८ मध्ये ऑस्ट्रेलियात एका एस-९२ चे स्टड तुटून तेल गेलं, ते सुखरूप उतरलं. २८ जानेवारी २००९ ला कंपनीने बुलेटिन काढून १२५० तास किंवा एक वर्षाच्या आत पोलादी स्टड बसवायला सांगितलं. १२ मार्चला न्यूफाउंडलंडजवळ दुसऱ्या एका एस-९२ चे तीनपैकी दोन स्टड तुटले, गिअरबॉक्समधलं तेल गेलं, आणि १८ पैकी १७ जण दगावले. २३ मार्चला तातडीची एडी आली: पोलादी स्टड बसवल्याशिवाय उड्डाण नाही. अपघात झाला तेव्हा बुलेटिनची मुदत संपायला कित्येक महिने बाकी होते. तपासात हेही निघालं की खराब स्टड आणि नट ओळखण्याची तपासणी मॅन्युअलमध्ये आलेली होती, पण ती प्रत्यक्ष अमलात आली नव्हती.

म्हणून मुदतीकडे बघण्याआधी कारण वाचा. पार्ट तुटला तर पायलटच्या हातात काही उरतं का? रोटर, टेल रोटर, फ्लाइट कंट्रोल, गिअरबॉक्सचं तेल, यातलं काही असेल तर पार्ट हातात आल्याबरोबर काम काढा. रेडिओ रॅकच्या ब्रॅकेटची एडी खुशाल पुढच्या १०० तासांच्या तपासणीला जोडा.

मास्टनट

पार्ट बदलताना नक्की काय चुकतं तेही लिहितो, कारण नवा पार्ट नीट बसला नाही तर जुना बरा होता अशी वेळ येते.

टॉर्क रेंचला पुढे क्रोफूट (जोडायचा पान्याचा तुकडा) लावला की वाचन बदलतं. सूत्र सोपं: हवा असलेला टॉर्क गुणिले रेंचची लांबी, भागिले रेंच अधिक क्रोफूट. रेंच १२ इंच, क्रोफूट २ इंच आणि हवाय २४० इंच-पाउंड, तर रेंचवर २०६ लावायचा. २४० लावला तर बोल्टवर २८० जातो. क्रोफूट रेंचशी काटकोनात लावला तर दुरुस्ती लागत नाही. नायलॉनचं किंवा धातूचं लॉकनट असेल तर ते मोकळं फिरवायला लागणारा ड्रॅग टॉर्क आधी मोजा. तो मिळवायचा की आकड्यात धरलेलाच आहे, हे मॅन्युअलच्या टॉर्क तक्त्याच्या तळटिपेत असतं. आटे कोरडे की तेल लावलेले, हेही तिथेच.

कॅसलनटच्या खाचा आणि भोक जुळत नसेल तर किमान टॉर्कपासून कमाल टॉर्कपर्यंत पुढे फिरवा. तरी जुळलं नाही तर वॉशर बदला. स्प्लिट पिन घालायला नट मागे फिरवायचा नाही, कधीच नाही. वॉशरखाली ताजा जाड रंग ठेवू नका, तो दबतो आणि टॉर्क उतरतो.

सगळं झाल्यावर नट आणि पृष्ठभाग मिळून टॉर्क स्ट्राइप ओढा. पुढे कधी ती रेघ तुटलेली किंवा सरकलेली दिसली तर नुसतं आवळून नवी रेघ ओढू नका. बोल्ट काढून शँक, भोक आणि वॉशर बघा. जोडाभोवती पोलादाची लालसर-तपकिरी किंवा ॲल्युमिनियमची काळी भुकटी असेल तर तिथे फ्रेटिंग चाललंय, म्हणजे जोड आधीपासूनच हलत होता. ड्राइव्हशाफ्टच्या फ्लेक्स प्लेटवर अशी भुकटी दिसली तर ती प्लेट तिथेच बाद समजून मॅन्युअल उघडा.

आणि ज्या कामात कंट्रोल उघडले असतील तिथे दुसऱ्या पात्र माणसाची स्वतंत्र तपासणी हवी. त्याने आधी कलेक्टिव्ह आणि सायक्लिक (पुढे-मागे, डावी-उजवीकडे नेणारा दांडा) पूर्ण फिरवून दिशा बघायची, मग लॉकवायर आणि पिन.

तासमोजणी

रोजच्या पाहणीबद्दल एक भर, कारण आर४४ च्या ब्लेडवर याच विषयाच्या एडी निघाल्या आहेत. ब्लेडच्या टोकाकडे, खालच्या बाजूला, पुढच्या कडेच्या थोडं मागे स्कीन आणि स्पार यांचा जोड असतो. पावसात किंवा वाळूत उडाल्यावर तिथला रंग घासला जातो. रंग जाऊन धातू उघडा पडला की हवेचा मारा थेट जोडाच्या कडेवर बसतो आणि स्कीन सुटायला लागते. म्हणून ब्लेड पुसून, उजेड तिरपा पाडून तो जोड बघा. धातू उघडा दिसला तर रंग दिल्याशिवाय पुढचं उड्डाण नाही. रंग देताना धातू घासून काढू नका आणि थर जाड करू नका, टोकाकडचं थोडं वजनही बॅलन्स बिघडवतं.

शंका असेल तर इंजिनिअर नाण्याने टॅप टेस्ट करतो. हलक्या हाताने, थोड्या थोड्या अंतरावर, जोडाच्या रेषेवरून पुढे जात. जोड पक्का असेल तिथे टणक स्वच्छ आवाज येतो, सुटलेला असेल तिथे बोदा. बोदा आवाज आला की ती जागा पुसता येईल अशा पेन्सिलीने आखा आणि मॅन्युअलची मर्यादा बघा. एडीत पायलटला परवानगी असते ती फक्त नजरेने बघण्याची. टॅप टेस्ट पायलटने करून सही करायची नाही.

नोंदीची ओळ अशी असू द्या: एडी क्रमांक आणि आवृत्ती, लागू तारीख, कोणत्या परिच्छेदाप्रमाणे काम केलं, पार्ट नंबर आणि सीरियल नंबर, त्या वेळचे तास आणि तारीख, पुन्हा करायची असेल तर पुढची कधी, सही आणि लायसन्स क्रमांक. 'एडी पाहिली' एवढंच लिहिलेली ओळ पुढच्या तपासणीत कोणीही ग्राह्य धरत नाही, आणि काम झालेलं असूनही ते पुन्हा करावं लागतं.